अस्सल, मूळ आणि खरे : लिलावातल्या एका घड्याळाची पाठचिकित्सा

५ नोव्हेंबर २०२१. आपल्याकडे दिवाळीचा पाडवा होता. त्याच दिवशी जिनिव्हा शहरात फिलिप्स या लिलावसंस्थेने ओमेगा कंपनीचे ‘स्पीडमास्टर’ नावाचे एक जुने हातघड्याळ पुकारले. १९५७ च्या पहिल्या आवृत्तीतले, नमुना क्रमांक सीके २९१५-१. तबकडी मूळची काळी, पण काळाच्या ओघात चॉकलेटी झालेली. अंदाज छापला होता ८० हजार ते १ लाख २० हजार स्विस फ्रँक. बोली थांबली तेव्हा खर्चासह किंमत झाली होती ३१ लाख १५ हजार ५०० फ्रँक. तेव्हाच्या दराने सुमारे पंचवीस कोटी रुपये, म्हणजे वरच्या अंदाजाच्याही सव्वीस पट. घेणारा कुणी अरब शेख नव्हता की हाँगकाँगचा सावकार नव्हता. घेणारे होते खुद्द ओमेगाचे वस्तुसंग्रहालय.

जून २०२३ मध्ये ओमेगाने जगाला सांगितले की हे घड्याळ जोडकाम आहे. वेगवेगळ्या घड्याळांतले भाग एकत्र बसवून ते उभे केलेले होते आणि त्यातले बरेचसे भाग ओमेगाचेच, खरेखुरे होते. आपल्याच काही माजी कर्मचाऱ्यांचा यात हात असल्याचा आरोप कंपनीने केला आणि फौजदारी तक्रार नोंदवली. लिलावसंस्थेचे म्हणणे असे की घड्याळाच्या मशीनचा क्रमांक, ते कधी तयार झाले, कोणत्या नमुन्यात बसवले आणि कधी विकले गेले, याची खातरजमा ओमेगाकडूनच आली होती. म्हणजे ज्याच्या घरचा माल, त्याच्याच घरचे दप्तर, त्याच्याच घरचे गिऱ्हाईक, आणि फसला तोही घरचाच.

या प्रकरणावर घड्याळांच्या दुनियेत बरेच लिहून आले. त्यातले बहुतेक लेखन ‘फ्रँकनस्टाइन’ या एका शब्दाशी येऊन थांबते. मला तो शब्द अपुरा वाटतो. भाग खरे होते, क्रमांक खरा होता, कंपनी खरी होती. मग खोटे नेमके काय होते? या प्रश्नाचे उत्तर नीट दिल्याशिवाय जुन्या घड्याळांच्या बाजारात ‘ओरिजिनल’ हा शब्द उच्चारण्यात अर्थ नाही. आणि तो शब्द आज जालन्यात, परभणीत, बीडमध्येही उच्चारला जातो. लिलाव आता मोबाइलवर आलेत. कुंडलिकेच्या काठी बसलेला माणूस मुंबईतल्या किंवा जर्मनीतल्या लिलावात बोली लावतो, आणि दहा-बारा दिवसांनी कुरियरवाला एक छोटे खोके त्याच्या दारात आणून देतो. खोक्यात एखाद्या शिक्षकाचा दोन महिन्यांचा पगार असतो.

मराठी भाषेकडे या प्रश्नासाठी इंग्रजीपेक्षा चांगली अवजारे आहेत, असे माझे मत आहे. जुन्या दप्तरांत कागदाची प्रत काढली की तिच्यावर शेरा असे : ‘अस्सल बरहुकूम नक्कल’. अस्सल म्हणजे ज्या कागदावर शिक्का उमटला, तोच कागद. नक्कल म्हणजे त्याच्याशी ताडून पाहिलेली प्रत. इथे नक्कल ही शिवी नाही. तिला दप्तरात मानाची जागा आहे, अट इतकीच की ती स्वतःला नक्कल म्हणवते. तिसरा प्रकार ‘बनावट’, जो नक्कल असून अस्सल म्हणवतो. वतनाच्या तंट्यांत बनावट महजर किती निघत, हे इतिहासाच्या अभ्यासकांना माहीत आहे. त्यांतले चलाख महजर सगळेच्या सगळे खोटे नसत. जुना कागद खरा असे, कधी शिक्काही खरा असे, साक्षीदारांची नावेही त्या काळी हयात असलेल्या माणसांची असत. खोटा असे तो त्यांचा एकत्र येण्याचा प्रसंग. ती माणसे त्या दिवशी त्या चावडीवर त्या कारणासाठी जमलीच नव्हती.

जिनिव्हाच्या स्पीडमास्टरचे तेच झाले. तबकडी, काटे, मशीन, खोके हे सगळे साक्षीदार खरे असतील, पण १९५७ साली ते एका चावडीवर बसलेले नव्हते. म्हणून घड्याळाबद्दल तीन वेगळे प्रश्न विचारायला हवेत. भाग खरा आहे का, म्हणजे ज्या कंपनीचे नाव आहे तिनेच तो केला का? भाग मूळ आहे का, म्हणजे कारखान्यातून निघताना तो याच घड्याळात होता का? आणि तो अस्पर्श आहे का, म्हणजे नंतर त्याला कुणी रंगवले, घासले, तासले नाही ना? बाजार या तिन्हींना मिळून ‘ओरिजिनल’ म्हणतो. पहिल्या प्रश्नाचे ‘होय’ दाखवून तिन्हींचे पैसे घेतो.

क्रोनोग्राफच्या बाबतीत हा घोटाळा जास्त होतो, याचे कारण त्याच्या रचनेत आहे. साधे चावीचे घड्याळ तास, मिनिटे आणि सेकंद दाखवते. क्रोनोग्राफमध्ये त्याच मशीनवर स्टॉपवॉचची आणखी एक यंत्रणा चढवलेली असते : कडेला दोन बटणे, तबकडीवर दोन किंवा तीन लहान तबकड्या, मोजणीचे वेगळे काटे. भाग वाढले की बदलण्याच्या जागा वाढतात. शिवाय स्वित्झर्लंडमधल्या बहुतेक छोट्या-मोठ्या कंपन्या ही मशीने स्वतः करत नसत. वालजू, व्हीनस, लँडेरॉन, लेमानिया अशा मोजक्या कारखान्यांकडून ती घेत आणि आपल्या खोक्यात बसवत. ओमेगाचे प्रसिद्ध ३२१ क्रमांकाचे मशीनही लेमानियाच्या घरचेच. त्यामुळे एका अनोळखी कंपनीच्या मोडक्या घड्याळातला लँडेरॉनचा भाग दुसऱ्या कंपनीच्या घड्याळात बिनतक्रार बसतो. दुरुस्तीवाल्याची ही सोय, बनावटवाल्याचे हे भांडवल.

आता आपल्या मुलखाकडे येऊ. आमच्याकडे घड्याळ ही संग्रहाची वस्तू नव्हती, ती कामाची आणि मानाची वस्तू होती. १९४८ पर्यंत जालना निजामाच्या राज्यात होते. जिल्हा म्हणून ते १ मे १९८१ ला वेगळे झाले. मनमाड-सिकंदराबाद रेल्वे गावातून गेली आणि तिच्याबरोबर वेळापत्रक आले. वेस्ट एंड कंपनीची ‘सोवार’ आणि फाव्र-लुबाची घड्याळे मुंबईच्या पेढ्यांतून देशभर गेली. दोन्ही नावे हिंदुस्थानच्या बाजारात इतकी मुरलेली की ती स्विस आहेत हे कित्येकांच्या गावीही नसे. मग १९६१ साली बंगळूरला जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने एचएमटीची घड्याळे निघू लागली आणि लग्नात जावयाला सायकल, रेडिओ आणि एचएमटी देण्याची रीत घरोघर झाली. पुढे हैदराबादच्या ऑल्विनने सेइकोच्या सहकार्याने घड्याळे काढली. १९८७ पासून टायटनची सेलवरची घड्याळे आली, आणि चावीचे घड्याळ हळूहळू कपाटात गेले. क्रोनोग्राफ मात्र या यादीत क्वचितच. तो यायचा आखातातून परतलेल्या नातलगाच्या मनगटावर किंवा ‘फॉरेनचा माल’ म्हणून दबक्या आवाजात. सेइकोचा ६१३९ हा त्यातला सगळ्यांत ओळखीचा. १९६९ साली आलेला, हाताच्या हालचालीने चावी भरून घेणारा जगातल्या पहिल्या काही क्रोनोग्राफांपैकी एक. आज लिलावात सामान्य माणसाला परवडेल असा जुना क्रोनोग्राफ बहुधा हाच असतो, आणि सर्वांत जास्त रंगवलेलाही बहुधा हाच.

रंगवण्याचा विषय निघाला म्हणून सांगतो. परदेशी संग्राहकांच्या बोलीत ‘मुंबई स्पेशल’ असा एक शब्द आहे. तो कौतुकाचा नाही. हिंदुस्थानातून विकायला येणारी, तबकडी नव्याने रंगवलेली, कुठलेही काटे बसवलेली, चकचकीत पॉलिश केलेली स्वस्त घड्याळे म्हणजे मुंबई स्पेशल. लाल, हिरव्या, केशरी रंगांच्या, कारखान्याने कधीही न काढलेल्या तबकड्या. जाडसर, कडांना पसरलेली अक्षरे. ‘स्विस मेड’ भलत्याच जागी. एचएमटीचे कारखाने बंद झाल्यावर ‘जनता’, ‘पायलट’, ‘कोहिनूर’ यांना मागणी वाढली, तशा या नावांच्याही नव्या तबकड्या निघाल्या. देवनागरी अंकांची ‘जनता’ कारखान्याने खरोखर काढली होती, म्हणून तिच्या खोट्या भावंडांची पैदास अधिक.

या शब्दामागे एक तुच्छता आहे आणि ती मला खटकते. पण शब्दाने दाखवलेली वस्तुस्थिती खोटी नाही, हेही मान्य करायला हवे. फरक करायचा तो इथे. चाळीस वर्षांपूर्वी तालुक्याच्या गावात घड्याळ दुरुस्त करणाऱ्या माणसाकडे एखादा कंडक्टर यायचा. तबकडी ओल लागून काळवंडलेली, आकडे दिसत नाहीत. त्याला घड्याळात वेळ पाहायची होती, इतिहास नव्हे. कंपनीची तबकडी मिळण्याची सोय नव्हती. दुरुस्तीवाल्याने ती रंगवून आणली, दुसऱ्या घड्याळाचा सेकंदकाटा लावला आणि घड्याळ आणखी वीस वर्षे चालवले. यात कुणी कुणाला फसवले नाही. बैलगाडीचे आरे बदलतात, धाव बदलते, जू बदलते. गाडी त्याच घरची राहते. तेच घड्याळ नातवाने विकायला काढले आणि मधल्या कुणीतरी जाहिरातीत ‘पूर्णपणे मूळ स्थितीत’ असे लिहिले, त्या क्षणी खोटे जन्माला आले. ते तबकडीवर नाही, वाक्यात आहे. म्हणून माझ्या मते लिलावातल्या घड्याळाची समीक्षा ही आधी लिलावाच्या गद्याची समीक्षा असली पाहिजे.

हे गद्य वाचण्यासारखे असते. दोषाला दागिना करण्याची त्याची हातोटी विलक्षण आहे. जुन्या काळ्या तबकडीचा रंग सदोष असला, तर ऊन आणि दमटपणाने तो तपकिरी होतो. हे रंगाचे बिघडणे आहे. बाजारात याला ‘ट्रॉपिकल’ म्हणतात आणि दुप्पट-तिप्पट पैसे मागतात. जिनिव्हाची तबकडी अशीच ‘ट्रॉपिकल’ होती. उष्ण कटिबंध म्हणजे आपलाच मुलूख. मे महिन्यात जालन्यात पारा ४२-४३ वर जातो, आणि त्या उन्हात करपलेल्या एचएमटीला इथे कुणी ट्रॉपिकल म्हणून जास्त पैसे दिल्याचे ऐकिवात नाही. तिकडे करपणे म्हणजे सौंदर्य, इकडे खराबी. काच घासलेली असली की ‘प्रामाणिक वापराच्या खुणा’. खोक्याच्या धारा पॉलिशने गोल झाल्या की ‘मृदू झालेल्या कडा’. दुरुस्तीत बदललेले काटे म्हणजे ‘सर्व्हिसचे काटे’. यातला प्रत्येक शब्द एकेकटा पाहिला तर खोटा नाही. पण वर्णनात काय आले नाही, हे पाहायची सवय लावली की खरी माहिती मिळते. तबकडीचे चार ओळी कौतुक आहे आणि मशीनचे छायाचित्रच नाही. काटे ‘सुंदर’ आहेत पण ‘मूळ’ म्हटलेले नाहीत. ‘आमच्या मते’ हे दोन शब्द एका वाक्यात आहेत आणि पुढच्यात नाहीत. गाळलेल्या जागा वाचणे हेच समीक्षकाचे काम.

शब्द वाचून झाले की वस्तूकडे वळायचे. सर्वांत बोलका पुरावा असतो तो अंधारात चमकणाऱ्या रंगाचा, ज्याला आपण सरसकट रेडियम म्हणतो. साधारण १९६० च्या दशकाच्या आरंभापर्यंत तो खरोखरच रेडियमचा असे. नंतर त्याची जागा ट्रिटियमने घेतली, आणि स्विस तबकडीच्या तळाशी ‘स्विस’ शब्दाच्या दोन्ही बाजूंना ‘टी’ अक्षर येऊ लागले. १९९० च्या दशकात किरणोत्सार नसलेला, नुसता प्रकाश साठवून चमकणारा रंग आला. आता यावरून काय काय कळते ते पाहा. रेडियमचे अर्धे आयुष्य सुमारे १६०० वर्षे, ट्रिटियमचे जेमतेम १२.३ वर्षे. पण रेडियमच्या माऱ्याने त्याच्या सोबतचे चमकणारे रसायनच जळून जाते. म्हणून १९५७ चे घड्याळ अंधारात जवळजवळ मुके असायला हवे, आणि तरी किरणोत्सार मोजणाऱ्या यंत्राजवळ नेले तर ते कडकडले पाहिजे. ते रात्रभर हिरवे चमकत असेल तर तो रंग नव्याने भरलेला. ट्रिटियमचे किरण इतके दुबळे की काचेबाहेर फारसे येत नाहीत. तिथे यंत्र गप्प बसते. मग तबकडीवर ‘टी’ आहे आणि काटे यंत्राला कडकडवतात, असे झाले तर काटे आणि तबकडी एका पिढीचे नव्हेत. तबकडीचे ठिपके फिके पिवळे आणि काट्यांतला रंग गडद तपकिरी असेल तरी तीच शंका. ही शंका आहे, निकाल नव्हे; काटा आणि तबकडी यांना रंग वेगवेगळ्या ठिकाणी भरला जाई आणि तो वेगळ्या गतीने म्हातारा होऊ शकतो.

(इथे एक सूचना. जुना रेडियमचा रंग वाळून भुकटी होतो आणि ती श्वासातून जाणे घातक असते. पुराव्याच्या हौसेने घरी घड्याळ उघडून तबकडी खरवडू नये.)

छपाई भिंगाखाली पाहावी. कारखान्यात कोरलेल्या पत्र्यावरून मऊ ठशाने उचललेली शाई तबकडीवर बसते; अक्षराची कड धारदार असते, शाई किंचित उठून दिसते. हाताने किंवा पडद्याने छापलेल्या नव्या तबकडीत अक्षरे फुगीर, मिनिटांच्या रेघा कमी-जास्त अंतरावर, लहान तबकडीच्या काठाशी रेघ अर्धीच तुटलेली. क्रोनोग्राफच्या लहान तबकड्यांत बारीक वर्तुळाकार चरे असतात. वरून रंग मारला की ते भरून जातात आणि ती जागा गुळगुळीत दिसते. छायाचित्रातही हे दिसते. विक्रेत्याने मुद्दाम लहान छायाचित्र दिले असेल तर तेही काही सांगतेच.

बटणांची एक गंमत आहे. सर्वसाधारण क्रोनोग्राफात वरच्या बटणाने मोजणी सुरू होते, त्याच बटणाने थांबते, आणि खालचे बटण काटा शून्यावर आणते. लँडेरॉन ४८ या फार खपलेल्या मशीनमध्ये मात्र वरचे बटण फक्त सुरू करते. थांबवणे आणि शून्यावर आणणे दोन्ही खालच्या बटणाचे काम. हे ठाऊक नसलेला खरेदीदार चांगले घड्याळ बिघडलेले समजून परत पाठवतो. उलट, तबकडीवरच्या नावावरून आत लँडेरॉन असायला हवे आणि वरचे बटण मोजणी थांबवते, असे दिसले तर आत दुसरेच मशीन आले आहे. झाकण न उघडता मिळणारा हा पुरावा.

सेइकोच्या बाबतीत कंपनीने स्वतःच सोय करून ठेवली आहे. मागच्या झाकणावरच्या क्रमांकाचा पहिला आकडा वर्षाचा शेवटचा अंक सांगतो, दुसरा महिना. ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबरसाठी ओ, एन, डी ही अक्षरे. तबकडीच्या तळाशी बारीक अक्षरांत तिचा स्वतःचा क्रमांक असतो. दोन्ही जुळवून पाहायला दोन मिनिटे लागतात. रंगवलेल्या तबकडीत तो बारीक क्रमांक बहुधा नसतो, कारण रंगवणाऱ्याच्या कुंचल्याला तेवढे बारीक जमत नाही. पण क्रमांक जुळले म्हणून काम संपत नाही. मागचे झाकण हा आट्यांवर फिरणारा भाग आहे. तो एका घड्याळाचा काढून दुसऱ्याला लावायला एक मिनिटही लागत नाही.

नेमक्या याच जागी जिनिव्हाचा धडा महत्त्वाचा ठरतो. कंपनीच्या दप्तराचा उतारा मशीनच्या क्रमांकाबद्दल बोलतो. अमुक क्रमांकाचे मशीन अमुक साली अमुक नमुन्यात बसवून अमुक देशात पाठवले, एवढेच. आज टेबलावर असलेल्या तबकडीला त्या उताऱ्याने पाहिलेले नसते. उतारा खरा आणि घड्याळ जोडलेले, यात कसलाही विरोध नाही. उलट ज्याला दप्तर पाहता येते त्याला आधी योग्य क्रमांक शोधून मग त्याभोवती घड्याळ उभे करता येते. संग्राहक मात्र दप्तराच्या उताऱ्याला वेदवाक्य मानतात. राजवाड्यांनी समकालीन कागदाला बखरीपेक्षा वरचे स्थान दिले ते बरोबरच. पण समकालीन कागदही त्यात लिहिलेल्या गोष्टीपुरताच साक्षीदार असतो, हा त्या शिस्तीचा दुसरा अर्धा भाग घड्याळांच्या बाजाराने उचललाच नाही.

मराठी वाचकाला पाठचिकित्सा परकी नाही. पैठणला एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीच्या प्रती ताडून पाहून शुद्ध पाठ सिद्ध केला. तीन शतके हातोहाती फिरलेल्या ग्रंथात चुका शिरल्या होत्या, त्या त्यांनी काढल्या. आणि पुढे कुणी आपल्या ओव्या त्यात घालू नयेत असा इशाराही देऊन ठेवला. दुरुस्ती आणि भर यांतला हा फरक घड्याळाला तंतोतंत लागतो. साचलेले तेल काढणे, मोडलेली कमान बदलणे ही दुरुस्ती. तबकडीवर नवे नाव, नवा रंग चढवणे ही भर. पहिलीने ग्रंथ वाचता येतो, दुसरीने तो दुसऱ्याचा होतो.

त्याहून उपयोगी उदाहरण पुण्याच्या भांडारकर संस्थेचे. १९१९ ते १९६६ एवढा काळ चाललेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत, जिची पद्धत विष्णु सीताराम सुखटणकरांनी घालून दिली, जिथे पाठ निश्चित ठरवता आला नाही तिथे अक्षरांखाली नागमोडी रेघ दिलेली आहे. नंतरची भर ठरलेले श्लोक फेकून दिलेले नाहीत. ते तळटीपांत आणि परिशिष्टांत आहेत. वाचकाला सगळे दिसते, फक्त कुठे किती विश्वास ठेवायचा ते सांगितलेले असते. लिलावाच्या सूचीत ही नागमोडी रेघ हवी. ‘मशीन व खोके : एकाच काळातले. तबकडी : खरी, पण याच घड्याळाची असल्याचा पुरावा नाही. मिनिटकाटा : नंतरचा.’ एवढे लिहिले तर किंमत कोसळेल, असे विक्रेते म्हणतात. कोसळू द्यावी. जी किंमत एका रेघेने कोसळते ती वस्तूची नव्हतीच.

बाजार याच्या उलट दिशेने गेला आहे, आणि त्याचे एक कारण किमतीच्या गोष्टींत आहे. ऑक्टोबर २०१७ मध्ये न्यूयॉर्कला अभिनेता पॉल न्यूमन याचा रोलेक्स डेटोना क्रोनोग्राफ १ कोटी ७७ लाख ५२ हजार ५०० डॉलरला गेला. त्याच नमुन्याचे दुसरे घड्याळ त्याच्या एका लहानशा अंशाला मिळते. फरक कोणाच्या मनगटावर होते त्याचा. मार्च २००९ मध्ये गांधीजींच्या वस्तूंचा न्यूयॉर्कमध्ये लिलाव झाला. चष्मा, चपला, ताटवाटी यांच्यासोबत झेनिथचे खिशातले घड्याळ होते, आणि सगळे मिळून १८ लाख डॉलर आले. तिथेही घड्याळाच्या यंत्राला कुणी मोजले नव्हते. आमच्या जिल्ह्यात, घनसावंगी तालुक्यातल्या जांबसमर्थला, रामदासस्वामींच्या जन्मगावी, २०२२ साली मंदिरातल्या पंचधातूच्या मूर्ती चोरीला गेल्या आणि पोलिसांनी शोधून आणल्या. तेवढ्याच वजनाच्या, तशाच घडणीच्या नव्या मूर्ती करून मिळाल्या असत्या. त्या चालल्या असत्या का, हे गावाला विचारायची गरज नाही. काही वस्तूंना ‘तीच’ असण्याचे मोल असते. ते मोल खरे आहे. पण ते इतिहासाने सिद्ध व्हावे लागते. न्यूमनच्या घड्याळामागे त्याच्या पत्नीने कोरून घेतलेला मजकूर आहे, माणसे आहेत, छायाचित्रे आहेत. जिनिव्हाच्या स्पीडमास्टरमागे कुणाचे मनगट नव्हते. त्याची सगळी किंमत ‘कुणीही हात न लावलेले’ या एका दाव्यावर उभी होती. चौसष्ट वर्षे कुणीही हात न लावलेले घड्याळ हे मुळातच विचित्र घड्याळ आहे, हा साधा संशय कुणाला आला नाही, याचे मला आश्चर्य वाटते. अति नीटस वस्तूकडे आपल्याकडचा सराफ आधी डोळे बारीक करून पाहतो.

कायद्याचे दोन शब्द सांगणे भाग आहे. मालविक्रीचा १९३० चा कायदा आपल्याकडे लागू आहे. त्याच्या पंधराव्या कलमाप्रमाणे वर्णनावरून विकलेला माल त्या वर्णनाशी जुळलाच पाहिजे, ही विक्रीतली गृहीत अट आहे. चौसष्टावे कलम लिलावाचे : हातोडा पडला की विक्री पूर्ण होते, आणि किंमत चढवण्यासाठी विक्रेत्याने खोट्या बोल्या लाववल्या असतील तर खरेदीदाराला व्यवहार रद्द करता येतो. म्हणजे पाठबळ आहे. पण ते वर्णनाला बांधलेले आहे, म्हणून वर्णन जपून ठेवावे लागते. बोली लावण्यापूर्वी सूचीचे पान, छायाचित्रे आणि विक्रेत्याशी झालेला लेखी संवाद मोबाइलमध्ये साठवून ठेवावा. ‘तबकडी रंगवलेली आहे का?’ असा सरळ प्रश्न लेखी विचारावा. ‘माझ्या माहितीप्रमाणे नाही’ हे उत्तर आले तर त्यातल्या ‘माझ्या माहितीप्रमाणे’ या शब्दांची किंमत आपल्या बोलीतून वजा करावी.

आणि शेवटी झाकण उघडायला दुसऱ्याकडे जावेच लागते. जुन्या जालन्यात काय, नव्या जालन्यात काय, चावीची घड्याळे खोलणारे हात आता कमी उरले आहेत. सेल बदलणारे पुष्कळ आहेत. जो म्हातारा दुरुस्तीवाला अजून डोळ्याला भिंग लावून बसतो, त्याला उतारा, सूची, ट्रॉपिकल यांतले काही ठाऊक नसते. पण स्क्रूच्या खाचा पाहून तो सांगतो की हे किती जणांनी आणि कशा हातांनी खोलले आहे. चांगल्या हाताने खोललेल्या स्क्रूची खाच सरळ राहते, घिसाडघाईच्या हाताने कडा उपटतात. पुलावरच्या एका स्क्रूचा रंग निळा आणि बाकीचे पांढरे असले तर तो बोट ठेवून दाखवतो. मग तो झाकण उलटे करून उजेडाकडे तिरपे धरतो. झाकणाच्या आतल्या बाजूला सुईने कोरलेल्या बारीक खुणा असतात : एखादे आद्याक्षर, एक तारीख, एक आकडा. घड्याळ ज्यांच्या ज्यांच्या हाताखालून गेले त्या दुरुस्तीवाल्यांनी आपापल्या हिशेबासाठी त्या केलेल्या असतात, कंपनीच्या कुठल्याच दप्तरात त्यांची नोंद नसते. हाताने केलेल्या या खुणाही खोट्या करता येतात; पण चार पिढ्यांच्या चार वळणांची अक्षरे, एकावर एक आलेली, कमी-जास्त झिजलेली, अशी खोटी करायला फार वेळ लागतो. म्हणून झाकणाला आतून पॉलिश करून देतो असे कुणी म्हटले, तर त्याला तिथेच थांबवावे, आणि आपल्या दुरुस्तीवाल्याने आपली खूण कोरली की तिचे एक छायाचित्र काढून तारीख घालून ठेवावी.